गूगलकडे आहे म्हणजे आपल्याकडे नाही

‘आता कायले पायजे जी बॅकअप? सप्पा गूगलवर हाये ना!’ भंडाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांचं हे ठाम मत आहे. ते त्यांच्यापुरतंच असतं तर चहाच्या कपाबरोबर संपलं असतं. पण हेच मी सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्या पोरांकडून ऐकलंय, संगणक शिकवणाऱ्या सरांकडून ऐकलंय आणि तुमसरच्या एका राइस मिलच्या हिशेबनीसाकडूनही ऐकलंय. ज्यांना विचारून बाकीचे लोक आपापली व्यवस्था लावतात, तीच ही मंडळी. म्हणून त्यांना उत्तर लेखी द्यावं असं वाटलं.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो. ते म्हणतात, मेल आता आपल्या मशीनवर नसतातच. ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी असतात आणि त्यांच्यावर चोवीस तास जाणकारांची नजर असते. उलट आपल्या घरचा पीसी म्हणजे धूळ, उन्हाळ्यात जाणारी लाइट, व्हायरस आणि नातवंडांचे गेम. चांगल्या जागेची वस्तू उचलून वाईट जागी ठेवण्यात कसलं शहाणपण?

ऐकायला बिनतोड वाटतं. फक्त बॅकअप घेताना वस्तू उचलायची नसतेच. सर्व्हरवरची मेल सर्व्हरवरच राहते, तिची आणखी एक प्रत आपल्या ताब्यात येते. गूगलवर ठेवायची की घरी, असा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. प्रश्न एवढाच आहे की एकच प्रत पुरेशी आहे का, आणि ती एक प्रत कोणाच्या मर्जीवर आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खुद्द गूगलनेच देऊन ठेवलंय. फेब्रुवारी २०११च्या अखेरीस जीमेलच्या काही ग्राहकांनी सकाळी मेल उघडली तर खोका रिकामा. पत्रं नाहीत, फोल्डर नाहीत, काही नाही. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलातली एक चूक, आणि तिने एकाच फटक्यात वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रती पुसल्या. कंपनीने बाधितांचं प्रमाण ०.०२ टक्के सांगितलं. टक्केवारी बारीक दिसते, पण जीमेलच्या पसाऱ्यात ती हजारो माणसं होतात. आता महत्त्वाचं. ही पत्रं परत कुठून आली? टेपवरून. चालू यंत्रणेपासून तोडून, वेगळ्या ठेवलेल्या चुंबकीय टेपवर गूगलने प्रती काढून ठेवल्या होत्या. त्या जोडलेल्या नव्हत्या म्हणूनच चूक त्यांच्यापर्यंत पोचली नाही. म्हणजे जिच्यावर आपले स्नेही डोळे मिटून भरवसा ठेवतात, ती कंपनी स्वतःच्या सर्व्हरवर तेवढा भरवसा ठेवत नाही. ती वेगळी प्रत काढते आणि तारेपासून दूर ठेवते. आपण तेच करू म्हटलं की ते मात्र जुनाट!

पण खरं सांगायचं तर गूगलचे सर्व्हर बुडतील ही भीती माझ्या युक्तिवादाचा पाया नाहीच. आमच्या जिल्ह्यात मेल जाते ती सर्व्हर बिघडून नव्हे. सर्व्हर ठणठणीत असतो, मेल तिथेच असते, फक्त आपल्याला दार उघडत नाही.

लाखांदूर किंवा पवनीकडच्या एखाद्या गावातल्या माणसाचा ई-मेल आयडी कसा तयार होतो ते पाहा. मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, महाडीबीटीवर ई-मेल मागतात. किंवा पीएफ काढायचा असतो, रेल्वेचं तिकीट काढायचं असतं. सेवा केंद्रात रांग लागलेली. ‘ई-मेल आहे का?’ ‘नाही जी.’ मग तिथला पोरगा दोन मिनिटांत आयडी करून देतो: नाव, आडनाव, मागे जन्मसाल. पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच, नाव आणि १२३. रिकव्हरीचा मोबाइल नंबर कधी गिऱ्हाइकाचा, कधी घाईत त्या पोराचाच. पासवर्ड कुठे लिहिलेला? केंद्राच्या रजिस्टरात, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. चार वर्षांनी त्याच पत्त्यावर नोकरीच्या परीक्षेचं कॉल लेटर येतं. तोपर्यंत केंद्र दुसऱ्याने चालवायला घेतलेलं असतं, रजिस्टर रद्दीत गेलेलं असतं आणि रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर कंपनीने तिसऱ्याच माणसाला दिलेला असतो. ओटीपी त्या तिसऱ्याच्या फोनवर जातो. गूगल विचारतं, ‘हे तुम्हीच आहात हे सिद्ध करा.’ कुठल्या खिडकीवर जाऊन करणार? बँकेत निदान शाखा तरी असते. मॅनेजर ओरडला तरी समोर बसलेला असतो. जीमेलचं भंडाऱ्यात काउंटर नाही, नागपुरातही नाही.

इथे मी सेवा केंद्रातल्या पोरांना दोष देत नाहीये. दिवसाला पन्नास अर्ज भरणाऱ्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? पण ‘सप्पा गूगलवर हाये’ म्हणताना एवढं ध्यानात ठेवा, की ‘आहे’ आणि ‘मिळेल’ यांच्यामध्ये एक पासवर्ड, एक सिमकार्ड आणि एका परक्या कंपनीचा नियम उभा असतो.

नियमांचंही बोलू. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं तेव्हा हॉटमेल २ एमबी जागा देत होतं आणि याहू ४ एमबी. जीमेलने एकदम १ जीबी दिली आणि सांगितलं की आता मेल पुसायची गरजच नाही. लोकांनी ते मनावर घेतलं. पुढे २०१३मध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीचा एकच कप्पा झाला. मे २०२३मध्ये कंपनीने जाहीर केलं की दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती मेल-फोटोंसकट पुसली जातील, आणि त्या डिसेंबरपासून ते सुरू झालं. त्यात बेकायदेशीर काही नाही. जागा त्यांची, वीज त्यांची आणि खातं फुकटचं. तेव्हा त्यांनी नियम बदलला म्हणून मी रागावणार नाही. तो कधीच बदलणार नाही असं समजणाऱ्यांवर मात्र रागावणार. एकदा शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि पुन्हा कधी न पाहिलेलं खातं आपल्याकडे घरटी एक तरी निघेल.

दुसरा नियम तर रोजच्या वापरातल्या लोकांना चावतो. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या हिशेबात धरत नसत. २०२४च्या पहिल्या सहामाहीपर्यंत तो सगळ्यांसाठी त्या १५ जीबीत मोजला जाऊ लागला. परिणाम काय? कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभात, हळदीचे व्हिडिओ, निवडणुकीतली भाषणं, सगळं त्याच कप्प्यात. कप्पा भरला की जीमेल नवीन मेल घेत नाही, पाठवूही देत नाही. तुम्हाला आलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं आणि तुम्हाला कळतही नाही. मग घाबरून माणूस सगळ्यात मोठ्या मेल शोधतो आणि धडाधड डिलीट करतो. मोठ्या मेल कोणत्या? ज्यांना कागदपत्रं जोडलेली आहेत त्या. सुप्रभात राहतात आणि खरेदीखताचं स्कॅन जातं. ट्रॅशमध्ये गेलेलं तीस दिवसांनी आपोआप नाहीसं होतं.

‘पण माझ्याकडे आउटलुक आहे, मेल तर माझ्या कॉम्प्युटरवर दिसतात की!’ हा आक्षेप जरा शिकलेल्या लोकांचा, आणि म्हणूनच जास्त घातक. दिसणं वेगळं, असणं वेगळं. आज बहुतेक खाती आयमॅप पद्धतीने जोडलेली असतात. तिच्यात तुमच्या कॉम्प्युटरवरची मेल म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची छाया. सर्व्हरवर पुसली की इथेही पुसली जाते, इथे पुसली की तिथेही. फोन, लॅपटॉप, ऑफिसचा पीसी, तिन्हीकडे मेल दिसते म्हणून तिच्या तीन प्रती आहेत असं समजू नका. प्रत एकच आहे, पाहायच्या खिडक्या तीन. आउटलुकची ओएसटी फाइल ही अशी छायाच असते. पीएसटी फाइल मात्र स्वतंत्र असते, तिच्यात हलवलेली मेल सर्व्हरच्या लहरीवर राहत नाही. ‘थंडरबर्ड’ या मेल-सॉफ्टवेअरमध्ये डाव्या बाजूला ‘लोकल फोल्डर्स’ नावाचा कप्पा दिसतो, त्यात कॉपी केलेली मेलही तशीच स्वतंत्र. हा फरक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवून तो वर ‘बॅकअप कायले’ म्हणतो, तेव्हा त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

दुकानदाराचा विषय निघालाच आहे तर फॉरमॅटबद्दलही बोलून घेतो. आपल्याकडे कॉम्प्युटर मंद झाला की एकच औषध. मशीन दुकानात जातं, मेकॅनिक विचारतो, ‘डाटा डी ड्राइव्हला आहे ना?’ आपण मान डोलावतो. फोटो डीला असतात, टॅलीचा हिशेब डीला असतो, मुलांचे प्रोजेक्ट डीला असतात. मेल मात्र डीला कधीच नसते. आउटलुक असो की थंडरबर्ड, आपण हलवली नाही तर मेलची साठवण सी ड्राइव्हवरच, युजरच्या नावाखाली, बहुधा ‘अॅपडेटा’ नावाच्या फोल्डरात होते. आणि ते फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, साध्या डोळ्यांना दिसतच नाही. सी पुसला की वर्षानुवर्षांची मेल गेली. जुन्या पद्धतीने, पॉप लावून मेल उतरवून घेणाऱ्यांची सर्व्हरवर दुसरी प्रतही नसते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि जुन्या मशीनवर नवी विंडोज टाकून घेण्याची लाट आली. त्याच्या आधी, २०२४च्या शेवटी, विंडोजचं जुनं ‘मेल’ अॅप मायक्रोसॉफ्टने बंद केलं होतं. या दोन फेऱ्यांत किती मेल गेल्या असतील याची नोंद कोणी ठेवणार नाही, कारण गेलेलं काय होतं हे ज्यांचं गेलं त्यांनाही अजून कळलेलं नाही. पीएफचं किंवा जमिनीचं काम निघेल त्या दिवशी कळेल.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ‘घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून काय करता? २०२० विसरलात का?’ नाही विसरलो. ऑगस्ट २०२०च्या शेवटच्या तीन दिवसांत वैनगंगा भंडारा शहरात शिरली. मध्य प्रदेशातून सोडलेलं पाणी वरून येत होतं, खाली गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडलेले होते, आणि कारध्यापासून शहरातल्या सखल वस्त्यांपर्यंत लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून ओल्या गाद्या, धान्याची पोती आणि चिखलाने भरलेले सीपीयू बाहेर आले. त्या सीपीयूंतलं बरंच काही परत मिळालं नाही. ज्यांची मेल सर्व्हरवर होती त्यांची ती वाचली. हे मी मान्य करतो, नाकारण्याचं कारणच नाही.

पण यातून काय सिद्ध झालं? एकाच ठिकाणी ठेवू नये, एवढंच. आणि मी दुसरं काय सांगतोय? पुराने घरची प्रत नेली तर सर्व्हरवरची आहे, सर्व्हरवरचं खातं बंद पडलं तर घरची आहे. दोन्ही एकाच दिवशी जायला पुराबरोबर गूगलनेही मुहूर्त साधायला हवा. ज्याला एवढीही जोखीम नको, त्याने तिसरी प्रत गावाबाहेर ठेवावी. प्रतींचं जतन करणाऱ्यांमध्ये एक नियम प्रचलित आहे, पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडे घराबाहेरची जागा शोधावी लागत नाही. भंडाऱ्याच्या प्रत्येक घराचं कोणी ना कोणी नागपूरला, नाहीतर पुण्याला असतंच. दिवाळीला आलेल्या भाच्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी एक पेन ड्राइव्ह जाऊ शकतो. त्यावर पासवर्ड मात्र घाला. भाचा चांगला आहे, पण पेन ड्राइव्ह हरवतात.

हा तलावांचा जिल्हा आहे, म्हणून घरच्या प्रतीची गरज इथल्या माणसाला वेगळी समजवावी लागू नये. गोसीखुर्दचा कालवा आला म्हणून कोणी आपली बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, बुजवली नाही. कालव्याचं पाणी कधी सुटेल ते अधिकारी ठरवतो, बोडीचं पाणी आपण ठरवतो. बोडी लहान असते, गाळाने भरते, दर काही वर्षांनी उपसावी लागते. तरी धानाच्या रोवणीच्या वेळी पावसाने दगा दिला की कोण कोणाच्या तोंडाकडे बघतं, हे सांगायला नको.

‘ते सगळं ठीक, पण माझ्या मेलमध्ये ठेवण्यासारखं आहे काय? ओटीपी आणि जाहिराती!’ हे म्हणणाऱ्याने एकदा शोधाच्या खिडकीत आपल्या बँकेचं नाव टाकून बघावं. नंतर विमा कंपनीचं, मग मुलाच्या कॉलेजचं. कर्जमंजुरीचं पत्र, हप्त्याचा तक्ता, पॉलिसीचा बाँड, प्रवेशाची पावती, बिल्डरशी झालेलं बोलणं, विजेच्या बिलावरची तक्रार आणि तिला आलेलं उत्तर. ‘डिजिलॉकर आहे ना’ असंही कोणी म्हणतं. डिजिलॉकरमध्ये सरकारने दिलेला दाखला मिळतो. तो मिळवण्यासाठी तुम्ही कोणाला काय लिहिलं आणि त्याने कोणत्या तारखेला काय कबूल केलं, ते तिथे नसतं. भांडण होतं ते बहुधा याच कबुलीवरून.

भांडण कोर्टात गेलं तर? इथे महाराष्ट्रातल्याच एका खटल्याची आठवण करून द्यायला हवी. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या जागेवर अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की खोतकरांचे उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर दाखल झाले. पुरावा कुठे होता? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणात. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्या खऱ्या असल्याचं कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२०च्या निकालात न्यायालयाने नियम पक्का केला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र मूळ उपकरणच, म्हणजे लॅपटॉप असो वा मोबाइल, त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून दाखवलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात आता त्या नोंदीची ‘हॅश’ किंमतही लिहावी लागते. ही किंमत फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून काढलेली असते, एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते.

मी वकील नाही आणि कोणाला सल्ला देत नाही. पण साध्या बुद्धीला एवढं कळतं की हॅश काढायला आधी हातात फाइल हवी. बंद पडलेल्या खात्याची हॅश काढता येत नाही. मोबाइलवर काढलेल्या स्क्रीनशॉटची काढता येते, पण ती त्या चित्राची असते, पत्राची नव्हे. ‘महत्त्वाच्या मेल मी दुसऱ्या आयडीवर फॉरवर्ड करून ठेवतो’ असं म्हणणारे खूप भेटतात. फॉरवर्ड केलेली मेल ही तुम्ही तुम्हाला लिहिलेली नवी मेल असते. मूळ पत्र कोणत्या सर्व्हरवरून निघालं, कुठून कुठे गेलं, किती वाजता पोचलं, हे सांगणारा मथळ्याचा मजकूर त्यात येत नाही. प्रिंट काढली तरी तेच. संपूर्ण मथळ्यासकट पत्र राहतं ते मेलच्या मूळ रूपातल्या फाइलमध्ये.

एक मुद्दा केवळ मराठीचा आहे, आणि बॅकअपची थट्टा करणारे तो कधीच विचारात घेत नाहीत. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने देशात इंटरनेट खुलं केलं. पुढे बीएसएनएलचं संचारनेट आलं, आणि तालुक्याचे वार्ताहर, लेखक, संस्थाचालक मेल पाठवू लागले. त्या काळात मराठी युनिकोडमध्ये लिहीत नसत. मजकूर श्रीलिपी, आकृती नाहीतर आयएसएममध्ये टाइप करून मेलला जोडायचा. त्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं नाचतात. मजकूर शाबूत आहे, पण ज्या फॉन्टमध्ये तो लिहिला तो फॉन्ट मशीनवर नाही. गूगल मेल सांभाळेल, तुमचा २००३ सालचा फॉन्ट सांभाळणार नाही. तो आपल्याच मशीनवर, त्या मेलच्या शेजारी ठेवावा लागतो. झाडीपट्टीच्या नाटकांच्या किती संहिता, साहित्य संमेलनांचे किती पत्रव्यवहार अशा फाइलींत अडकले असतील! कथाकार जी. ए. कुलकर्णी गेले १९८७मध्ये. त्यांची पत्रं पुढे खंडांत छापता आली, कारण ज्यांना ती आली त्यांनी ती घरी जपली होती. पोस्ट खात्याकडे मागायला कोणी गेलं नाही.

आणि घरातला माणूस गेला तर? कोरोनाच्या लाटेत, २०२१च्या मे महिन्यात कितीतरी घरांना हा प्रश्न पडला. पॉलिसी कुठे, डिपॉझिट कुठे, सगळं त्यांच्या मेलमध्ये, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. गूगलकडे ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय २०१३पासून आहे, तिच्यात वारसदाराचं नाव नोंदवून ठेवता येतं. किती जणांनी नोंदवलंय? कपाटातल्या ड्राइव्हवर प्रत असती तर बायकोमुलांना कोणापुढे काही सिद्ध करत बसावं लागलं नसतं.

एका बाबतीत मात्र मी प्रतिपक्षाच्या बाजूचा आहे. कचेरीची मेल घरी आणू नका. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, बाकीच्यांना सांगतो. कार्यालयाने दिलेला खोका कार्यालयाचा असतो, त्याची प्रत काढायची की नाही ते कार्यालय ठरवणार. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. एवढी जुनी पाटीसुद्धा बदलते. म्हणून पीएफ, विमा, मुलांचं शिक्षण, औषधोपचार यांचा आपला खासगी पत्रव्यवहार कचेरीच्या पत्त्यावर ठेवूच नये. निवृत्तीच्या दिवशी खुर्चीबरोबर तो पत्ताही सुटतो.

‘आम्हाला नाही जमणार’ हा शेवटचा बचाव, आणि तो सगळ्यात पोकळ. गूगलचीच ‘टेकआउट’ नावाची सोय २०११मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०१३पासून तिच्यातून जीमेलही उतरवता येतं. आपल्या खात्यात शिरून टेकआउटचं पान उघडायचं, सगळ्या खुणा काढून फक्त ‘मेल’वर खूण ठेवायची आणि मागणी नोंदवायची. काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी लिंक येते. फाइल मोठी असेल तर २ जीबीचे तुकडे मागा, आपल्याकडचं नेट मध्येच तुटतं तेव्हा लहान तुकडे बरे पडतात. वर्षभर दर दोन महिन्यांनी आपोआप प्रत तयार व्हावी अशीही सोय तिथेच आहे.

झिप उलगडली की आत एमबॉक्स फाइल मिळते. ही साध्या मजकुराची फाइल असते, पत्रामागे पत्र एकाच लांबलचक रांगेत. प्रत्येक पत्र ‘फ्रॉम’ने सुरू होतं. खाली ‘एक्स-जीमेल-लेबल्स’ अशी ओळ येते, तिच्यात तुम्ही लावलेली लेबलं. त्याखाली पत्र कुठून कसं आलं त्याचा प्रवास. मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा रगाडा दिसला तर घाबरू नका. मजकूर वाटेत सुरक्षित राहावा म्हणून तो तशा रूपात बांधलेला असतो. जोडलेल्या फाइलीही तशाच बांधतात, त्यामुळे त्या मुळापेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगतात. हे सगळं पुन्हा वाचनीय करायला थंडरबर्ड आहे. ते फुकट आहे, त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४मध्ये आली आणि ते आजही चालू आहे. त्याला ‘इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी’ हे मोफत अॅड-ऑन जोडलं की एमबॉक्स थेट लोकल फोल्डर्समध्ये येते. मग नेट बंद करून चारपाच जुनी पत्रं, जोडलेल्या कागदांसकट, उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर मी तरी विसंबणार नाही.

बाहेरची हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कवर खंडणीखोर व्हायरस आला तर तो मूळ आणि प्रत दोन्ही कुलूपबंद करतो. आणि हे काम सेवा केंद्राच्या किंवा कॅफेच्या मशीनवर करू नका. तिथे उतरवलेली फाइल तिथेच राहते आणि पुढचं गिऱ्हाईक तुमचं सगळं आयुष्य वाचू शकतं.

दुकानदार स्नेह्यांना माझी एवढीच विनंती आहे. फॉरमॅटला मशीन घेताना डी ड्राइव्हचं विचारता, तसं ‘मेल कुठे आहे’ हेही विचारा, आणि हवं तर त्याचे पन्नास रुपये जास्त घ्या. सेवा केंद्रातल्या पोरांना विनंती की नवा आयडी काढून दिलात तर पासवर्डाची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि रिकव्हरीला त्याच्याच घरातला नंबर टाका. आणि वाचकहो, आजच टेकआउटची मागणी नोंदवा. आलेली लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा मेल दिसली की त्याच दिवशी फाइल उतरवून घ्या.